हबल व्यापारी ठाणे
अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, गॅनाडो येथे असलेले राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. नॅव्हाहो या मूळ अमेरिकन आदिवासी जमातीच्या प्रदेशात सर्वांत दीर्घकाळ अखंड चालू असलेले व्यापारी ठाणे म्हणून ते ओळखले जाते.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नॅव्हाहोंना घरदार सोडायला लावून न्यू मेक्सिकोतील बॉस्क रिडोंडो येथे डांबले. १८६८ च्या तहानंतर ते परतले, तेव्हा त्यांचे कळप व शेते नष्ट झाली होती आणि पीठ, साखर, कॉफी, कापड या वस्तूंसाठी व्यापाऱ्यांवर अवलंबून राहणे त्यांना भाग पडले. जॉन लोरेन्झो हबल यांनी १८७८ मध्ये येथील दुकान विकत घेतले. लोकर, मेंढ्या, चांदीचे दागिने आणि हातमागावरचे गालिचे यांच्या बदल्यात ते माल देत. गडद लाल रंगावर करड्या, पांढऱ्या व काळ्या आकृत्या असलेली ‘गॅनाडो’ शैली त्यांच्या प्रोत्साहनाने नावारूपाला आली. तिची कारागिरी मात्र सर्वस्वी नॅव्हाहो स्त्रियांची, आणि या स्थळाच्या इतिहासात त्यांना हबल यांच्याइतकेच स्थान मिळायला हवे.

हबल १९३० मध्ये वारले. १९६५ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) या स्थळाला मान्यता दिली आणि १९६७ मध्ये त्यांच्या सून डोरोथी हबल यांनी सुमारे १६० एकरांची ही मालमत्ता घरातील सामानासह राष्ट्रीय उद्यान सेवेला विकली. दुकान बंद करून त्याचे संग्रहालय करणे सोपे होते. परंतु येथे जपायची गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष देवघेव, हे ओळखून एका ना-नफा संस्थेमार्फत व्यापार चालू ठेवण्यात आला. हा निर्णय सर्वार्थाने योग्य ठरला. उंच, रुंद काउंटरांमागे आजही किराणा मिळतो आणि विणकर आपले गालिचे येथे विक्रीला आणतात.

चालत्या दुकानाचे जतन मात्र अधिक जिकिरीचे असते. गिऱ्हाइकांच्या वर्दळीने लाकडी जमीन झिजते, धूळ आत येते आणि विक्रीच्या वस्तू संग्रहातील वस्तूंपासून काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. शेजारच्या हबल निवासात तुळयांच्या मध्ये टांगलेल्या टोपल्या, चित्रकार ई. ए. बरबँक यांनी काढलेली व्यक्तिचित्रे आणि जुने गालिचे आहेत. लोकरीला कसर लागू नये व उजेडाने रंग विटू नयेत, म्हणून त्यांची सतत निगा राखली जाते.

कोलोरॅडोतील बेंट यांच्या जुन्या किल्ल्याचे उदाहरण याच्या उलट आहे. १८३३ मध्ये बांधलेले ते मातीच्या विटांचे व्यापारी ठाणे १८४९ मध्ये नष्ट झाले आणि १९७६ मध्ये त्याच जागी जुन्या रेखाटनांच्या आधारे नव्याने उभारले गेले.