सेमी येण्याआधी: कोकणातल्या हायस्कुलांत गणित आणि परकी भाषा

जून जवळ आला की कोकणातल्या कुठल्याही हायस्कुलाच्या ऑफिसात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, सेमी आहे ना?" सेमी म्हणजे शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सेमी नसलेल्या शाळेचा पट गळतो आणि शेजारच्या गावात पिवळी बस सुरू होते. हे खूळ नवीन आहे, असं जुन्या पिढीला वाटतं. मला तसं वाटत नाही. गेल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावर गणिताने भाषा निदान तीनदा बदलली आणि दर वेळी कारण जवळपास एकच होतं: मुलाला गाव सोडून पोट भरायला जायचं होतं.

इंग्रजी अमलाआधी पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे तोंडी हिशेब. पाढे तीसापर्यंत, आणि त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन; औटकीत चाराला चौदा, पाचाला साडेसतरा. सवातीन आणे शेराने अडीच शेर माल घेतला, तर आठ आणे दीड पै, हे उत्तर पाटीला हात न लावता यायला हवं. बंदरावरच्या वखारीत, मिठागरात, खोताच्या वसुलीत हेच गणित चालायचं. त्यात सिद्धता नव्हती, 'क्ष' नव्हता; पण अपूर्णांकांवरची ती पकड पुढच्या कुठल्याच अभ्यासक्रमाला साधली नाही, असं माझं मत आहे.

१८२० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनियरने शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. म्हणजे शाळेतलं युरोपीय गणित पहिल्यांदा आलं ते मराठीतून. आणि १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला तळ टाकला. पुढे बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात त्यांच्या शाळा निघाल्या. त्याच मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. अलिबागच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्यावर बसणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना आपली धर्मभाषा शिकता यावी, हा हेतू. कोकणात परकी भाषा म्हणजे फक्त इंग्रजी, हा समज त्या एका पुस्तकाने खोटा ठरतो.

रेवदंड्याजवळच्या कोर्लईचंही तसंच. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण त्यांच्या भाषेपासून झालेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत अजून घराघरांत आहे. शाळेत मात्र तिथली मुलं मराठीच शिकत आली.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला 'दर्पण'मुळे माहीत असतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते १८३४ मध्ये पहिले भारतीय असिस्टंट प्रोफेसर झाले आणि गणित-खगोल शिकवत. अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी त्याच परंपरेत पुढे पुण्याला गणित शिकवलं आणि मराठीत अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिलं. टिळक त्यांचे विद्यार्थी.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. मॅट्रिक इंग्रजीतून, गणिताचा पेपरही इंग्रजीतून. मराठी सहावी झालेला मुलगा तलाठी, मास्तर, कारकून होऊ शकत होता; त्यापलीकडे जायचं तर इंग्रजी हवी आणि ती शिकवणारं सरकारी हायस्कूल रत्नागिरीला. मराठीतलं गणित असं मागे पडलं. ते वाईट होतं म्हणून नव्हे; त्याने पुढची पायरी चढता येईना म्हणून.

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. ऐन पावसात घाट चढून ते सोबत्यांबरोबर चालत साताऱ्याला गेले, तेही सहावीच्या पब्लिक सर्व्हिस परीक्षेसाठी. वय कमी दिसतं म्हणून परीक्षकांनी त्यांना बसू दिलं नाही. ती परीक्षा मग कोल्हापूरला दिली. इंग्रजी त्यांनी उशिरा, मुरूड, रत्नागिरी आणि मुंबई असं करत शिकली आणि बी. ए. केलं गणित घेऊन.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, वडील गंगाधरपंत शाळामास्तर आणि त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलेले. गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. कर्वे मुरूडचे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होणारे पहिले भारतीय. चौघेही एकाच जिल्ह्यातले आणि चौघांनीही पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल किंवा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. टिळक बाहेर पडल्यावर, १८९१ मध्ये, फर्ग्युसनमधलं गणित कर्व्यांकडे आलं. गोखल्यांच्या अंकगणितावर तर पुढे पिढ्या मॅट्रिक झाल्या. अभिमान वाटावा अशी यादी आहे खरी. पण दोन गोष्टी तिच्यात लपत नाहीत. हे सगळे शिकवायला घाटावर गेले. आणि सगळे एकाच जातीचे होते.

ही दुसरी गोष्ट भाषेच्या तासाला उघडी पडायची. मॅट्रिकला इंग्रजीबरोबर दुसरी भाषा लागे: संस्कृत, फारसी, लॅटिन वगैरे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे मूळ गाव असलेल्या भीमराव आंबेडकरांना हायस्कुलात संस्कृत नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, संस्कृत पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. मालवणात जन्मलेल्या आणि रत्नागिरीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर राहिलेल्या रा. गो. भांडारकरांनी शाळांसाठी संस्कृतची सोपी पुस्तकं केली, ती सर्वत्र चालली; ती कोणाच्या हातात पडायची हे मात्र वर्गाच्या दारातच ठरत असे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हायस्कुलांतलं गणित हळूहळू मराठीत परतलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने (खेरही रत्नागिरीचेच) पाचवी ते सातवीची इंग्रजी काढली. इंग्रजी सुरू व्हायची ती आठवीला. भूमितीत काटकोन आणि कर्ण, अंकगणितात लसावि-मसावि. एक अख्खी पिढी या मराठीवर गणितात तयार झाली आणि इंग्रजीत अडखळली. गावोगावी हायस्कुलं निघाली तीही याच काळात, बरीचशी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी वर्गणी काढून. माध्यम मराठी आणि पाटीवर नाव न्यू इंग्लिश स्कूल, हा प्रकार तिथलाच. आठवीत एबीसीडी गिरवायची आणि अकरावीला एसएससीचा इंग्रजीचा पेपर. मधल्या तीन-चार वर्षांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून जे जमेल ते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर. सोळा आणे गेले तशी पावकी-निमकीही गेली. १९७५ मध्ये एसएससी अकरावीऐवजी पहिल्यांदा दहावीला झाली, त्याच सुमारास संच आणि उपसंच पुस्तकात शिरले. ज्या मास्तरांनी ते कधी शिकलेच नव्हते, त्यांना ते शिकवावे लागले.

नव्वदच्या दशकानंतर सेमी पसरलं ते आधी तालुक्याच्या मोठ्या हायस्कुलांत. २००० पासून इंग्रजी पहिलीपासून झाली आणि मग खेड्यांतल्या शाळांनाही सेमीवाचून गत्यंतर उरलं नाही. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, मग आठवीपासूनच सवय लावा, हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. वर्गात मात्र काय होतं ते बघा. फळ्यावर सगळं इंग्रजीत, तोंडी असं: "ट्रँगल एबीसीमध्ये एबी इज इक्वल टू एसी दिलंय, म्हणून समोरचे हे दोन अँगल सारखे. कुठलं थिअरम? आयसोसेलीस. लिहा." विचार मराठीत, लिखाण इंग्रजीत. शब्दांकित उदाहरण आलं की मुलं गणितावर नाही, वाक्यावर अडतात. शिक्षक स्वतः मराठीतून शिकलेला असतो. त्याला दोष देणं सोपं, पण त्याला या कामाचं नीट प्रशिक्षण देणं कोणालाच जमलेलं नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात अव्वल आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताला एक, भाषांना एक आणि सामाजिक शास्त्रांना एक शिक्षक हवा. पट वीसाच्या खाली गेलेल्या खाडीपलीकडच्या शाळेत हे तिघे मिळायचे कसे? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयाने हा पेच आणखी घट्ट केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल कामगार पाठवायचे आणि त्यांना आधी जर्मन शिकवायची. करारासाठी पुढाकार घेणारे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर सावंतवाडीचे. तेव्हा ऑफिसातल्या प्रश्नात सेमीच्या जोडीला आणखी एक भाषा यायला फार वर्षं लागतील असं दिसत नाही. ती शिकवायला माणूस कुठून आणायचा, हे शाळांनी आत्ताच विचारायला हवं.