दमणूक दोन दिवसांनी गाठते तेव्हा

दिवसभर कापूस वेचून आलेला शीण रात्रीच्या झोपेनं उतरतो. एमई/सीएफएस, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, या आजारातला शीण झोपून उतरत नाही. शिवाय तो उशिरा येतो. सोमवारी जळगावला जाऊन बाजार केला, मंगळवार बरा गेला, की बुधवारी अंग ठणकतं, घसा धरतो, साधा हिशेब जमत नाही आणि आठवडा अंथरुणात जातो. मधल्या १२ ते ४८ तासांमुळे सोमवारचा बाजार आणि बुधवारचं दुखणं यांची सांगड कुणी घालत नाही. घरचे म्हणतात, 'काल तर चांगली हिंडत होती!'

हे आळसाचं लक्षण नाही, हे मोजून दिसलेलं आहे. सलग दोन दिवस सायकलवर श्वासाची चाचणी घेतली, तर निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच काम करतो. या रुग्णांपैकी अनेकांची क्षमता मात्र दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसते. 'रोज थोडा व्यायाम वाढवा' हा सल्ला म्हणूनच अंगलट येतो. ब्रिटनमध्ये असाच वाढता व्यायाम तपासणारी ६४१ रुग्णांवरची पेस चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली आणि तोच सल्ला आणखी रूढ झाला होता. त्या चाचणीवर कडाडून टीका झाली आणि २०२१ मध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेनं ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

रोग पक्का करणारी रक्तचाचणी अजून नाही. म्हणून आधी इतर कारणं तपासायची: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ जीवनसत्त्व, साखर, ईएसआर (अंगातली सूज), यकृत-मूत्रपिंड, क्षयाची शंका असेल तर त्याचीही तपासणी. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी चुकवू नये. चिकुनगुनिया, डेंग्यू किंवा कोविडनंतर थकवा हटत नसेल, तर तो ताप कधी आला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर पाच मिनिटं पडून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहा आणि दर मिनिटाला नाडी लिहा. शेजारी कुणीतरी हवंच. प्रौढाची नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

रोग मुळातून घालवणारं औषध नाही. हाताशी आहे ते कामाचं मोजमाप. दोन आठवडे वहीत लिहा: काय केलं, किती वेळ केलं, दोन दिवसांनी कसं वाटलं. ३० मिनिटं उभं राहून स्वयंपाक केल्यावर त्रास होत असेल, तर २० मिनिटांवरच थांबायचं, दमण्याआधी. कळण्याची भाकरी थापायला बसूनच घ्यावं, भरताची वांगी दुसऱ्यानं भाजून ठेचावीत. अंघोळ आणि केस धुणं एकाच दिवशी नको. ही दोन्ही कामं वाटतात त्यापेक्षा जड असतात. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा उभं राहण्याचा त्रास आणखी वाढतो. बाहेरची कामं सकाळी आठच्या आत उरकावीत. ओआरएस घेत असाल, तर ते पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावं. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

सर्वांत घात होतो तो बऱ्या दिवशी. आज हुशारी वाटते म्हणून साचलेली धुणी, भांडी, पापड एकदम उरकले जातात. त्या दिवशीही वहीतलं माप तेच ठेवायचं, आणि पापडाचं पीठ घरच्यांनी मळायचं.