ब्रॉक एन्व्हायर्नमेंटल सेंटर

ब्रॉक एन्व्हायर्नमेंटल सेंटर ही अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या व्हर्जिनिया बीच शहरात, लिनहेवन नदीच्या काठावरची एक इमारत आहे. चेसापीक उपसागर साफ ठेवण्यासाठी १९६७ पासून काम करणाऱ्या चेसापीक बे फाउंडेशनची ती आहे आणि २०१४ च्या शेवटी सुरू झाली. अर्धं ऑफिस, अर्धी मुलांना पर्यावरण शिकवायची जागा असा प्रकार. क्षेत्रफळ साधारण साडेदहा हजार चौरस फूट, म्हणजे काही अवाढव्य नाही, पण पुराच्या जागेत बांधायचं तर कसं बांधायचं आणि तेही वीज-पाण्यासाठी बाहेर हात न पसरता, याचं उदाहरण म्हणून हिचं नाव बऱ्याचदा निघतं. नाव देणगीदार जोन आणि मेकन ब्रॉक यांच्यावरून पडलंय. मेकन ब्रॉक म्हणजे डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानांच्या साखळीच्या संस्थापकांपैकी एक.

लिनहेवनला नदी म्हणतात खरं, पण कोकणातल्या माणसाने बघितली तर तो सरळ खाडीच म्हणेल. पाणी खारं, रोज भरती-ओहोटी, कडेला गवताळ दलदल, कालवं. ज्या जागेवर ही इमारत आहे तिला प्लेझर हाउस पॉइंट म्हणतात, आणि तिथे आधी एका बिल्डरची हजाराच्या वर घरं उभी राहणार होती, ते सगळं २००८ च्या मंदीत बारगळलं आणि २०१२ मध्ये शहराने आणि संस्थांनी मिळून जमीन विकत घेतली, ११८ एकर मोकळी ठेवली आणि एका कोपऱ्यात हे सेंटर बांधलं. माझ्या मते पुराच्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम इथेच झालं, इमारतीत नाही. दलदल आणि वाळूचा पट्टा तसाच राहिला की उधाणाची लाट तिथेच बरीच मोडते, भिंत घातली की तीच लाट उसळून शेजाऱ्याच्या दारात जाते.

या भागात पुराची चिंता का, तर इथे समुद्र चढतोय आणि जमीन खचतेय, दोन्ही एकाच वेळी. शेजारच्या नॉरफोकला सीवेल्स पॉइंट इथे १९२७ पासून पाण्याची पातळी मोजतात, तिथल्या आकड्यांवरून शंभर वर्षांत साधारण दीड फूट असा वेग निघतो. जमीन खचायचं एक कारण म्हणजे भूजलाचा प्रचंड उपसा, दुसरं फार जुनं, हिमयुगात बर्फाच्या ओझ्याखाली उत्तरेची जमीन दबली तेव्हा कडेला वर उचलली गेलेली इथली जमीन अजून हळूहळू खाली बसतेय. त्यात हरिकेन आणि नॉरईस्टर ही वादळं. तिकडच्या पूरनकाशात आपल्या लाल पूररेषेसारखा शंभर वर्षांच्या पुराचा पट्टा असतो. लोकांना वाटतं म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणार, एकदा येऊन गेला की सुटलो, पण तसं नसतं हो, दरवर्षी १ टक्का शक्यता असा त्याचा अर्थ, आणि ३० वर्षांचं गृहकर्ज धरलं तर तेवढ्या काळात एकदा तरी पूर यायची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते.

आता इमारतीकडे. पहिली गोष्ट, ती पाण्यापासून सुमारे २०० फूट मागे आहे, ऐन काठावर नाही, म्हणजे खिडकीतून व्ह्यू थोडा लांब गेला पण चाललं. दुसरी, ती खांबांवर उभी आहे आणि जमिनीची पातळी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ फूट वर आहे, जमीन म्हणजे आतली फरशी बरं का. हे करताना आजच्या पुराबरोबर पुढच्या काही दशकांत चढणारं पाणीही हिशेबात धरलंय. आपल्याकडे जोतं उंच घ्यायची पद्धत आहेच, पण जोतं भरीव असतं, आणि वेगाने येणारं पाणी भरीव गोष्टीवर आदळतं, कडेने वळतं, वळताना पायाची माती खरवडून नेतं. खांब असले की पाणी खालून येतं आणि खालूनच जातं, अडवायला काही नसलं की ढकलायलाही काही नसतं. अर्थात खांब पुरेसे खोल हवेत, नाहीतर वरच्या वाऱ्यानेच सगळं आडवं व्हायचं.

छत वळणदार, जस्ताच्या तुकड्यांनी मढवलेलं, आणि ते नुसतं शोभेचं नाही. त्यावरचा पाऊस पन्हळीतून टाक्यांमध्ये जातो, साडेसहा हजार लिटरच्या जवळपास एक अशा दोन टाक्या आहेत, मग गाळून, जंतू मारून तेच पाणी प्यायला. यात नवल काय असं आपल्याला वाटेल, पागोळीखाली हंडा लावणं आपल्याला काही नवीन नाही, पण अमेरिकेत ऑफिसच्या इमारतीला पावसाचं पाणी प्यायला वापरायची सरकारी परवानगी मिळवणं महाकठीण, आणि तिथल्या मुख्य भूमीवर ती मिळवणाऱ्या अगदी पहिल्या इमारतींमध्ये हिचं नाव आहे. संडासात फ्लश नाही, खाली कंपोस्ट होतं, म्हणजे चक्क आपलं सोनखत. याचा पुराशी संबंध असा की पुरात शहराचं गटार तुंबलं की घाण पाणी पाईपातून उलटं घरात येतं, इथे तो प्रश्नच येत नाही. हात धुतलेलं पाणी झाडांना जातं.

विजेसाठी सुमारे ४५ किलोवॅटचे सोलर पॅनल आणि प्रत्येकी १० किलोवॅटच्या दोन पवनचक्क्या. गरम-थंड करायला जमिनीत खोल बोअर मारलेत, कारण खाली तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, त्यामुळे एसीला कमी दमावं लागतं. वर्षाचा हिशेब केला तर इमारत वापरते त्यापेक्षा जास्त वीज तयार करते. पण वर्षाचा हिशेब म्हणजे वर्षाचा, रात्री ग्रीडमधून वीज घेतलीच जाते, वादळात सगळं गेलं तरी हे दिवे पेटतेच राहणार असा अर्थ कुणी काढू नये.

या सगळ्याला २०१६ मध्ये लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज हे सर्टिफिकेट मिळालं. ते कागदावरच्या डिझाइनवर मिळत नाही, इमारत १२ महिने प्रत्यक्ष वापरून मीटरचे आकडे दाखवावे लागतात, हे मला तरी जास्त पटतं, कारण ग्रीन बिल्डिंगची पाटी लावून एसी १८ वर ठेवणारी ऑफिसं कमी नाहीत. याच संस्थेची अॅनापोलिसची आधीची इमारत, फिलिप मेरिल सेंटर, ही लीड या ग्रीन बिल्डिंगच्या सर्टिफिकेटचा सगळ्यात वरचा, प्लॅटिनम दर्जा मिळवणारी पहिली, म्हणजे त्यांना हा नाद जुनाच.

टीका करायची तर जागा आहे. ११८ एकरांत एक छोटी इमारत उंच उचलणं वेगळं आणि आधीच वसलेल्या गल्लीबोळांचं शहर वाचवणं वेगळं. इमारत कोरडी राहिली तरी तिथे जायचा रस्ता पाण्याखाली गेला तर माणसं अडकणारच. खर्चही साध्या ऑफिसपेक्षा जास्तच.

सामानाचे नियम तर भलतेच कडक. लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंजची एक रेड लिस्ट असते, त्यात पीव्हीसी, फॉर्मल्डिहाइड, शिसं असले पदार्थ बाद, आणि पीव्हीसी नको म्हटलं की प्लंबर आणि वायरमन दोघांचीही पंचाईत. म्हणून आणि कचरा कमी व्हावा म्हणूनही बरंच सामान जुनं वापरलंय. बाहेरच्या फळ्या सायप्रसच्या, पूर्वी तोडून पाण्यातून वाहून नेताना बुडालेले ओंडके वर काढून कापलेल्या, इतकी वर्षं पाण्यात राहूनही न कुजलेल्या, आणि आत लाकडी फरशी पाडून टाकलेल्या शाळेच्या जिममधली.