पेशंट सिरीयस आहे की अस्थिर आहे?

मिरजेला दवाखान्यासाठी जतपासून पार सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे लोक येतात, आणि प्रत्येक जण दारातच सांगतो, "सिस्टर, पेशंट लई सिरीयस हाय." त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्यासाठी लागणाऱ्या परवाना परीक्षेच्या, तयारीला बसलेली आमची मुलंही तोच शब्द डोक्यात धरून उत्तर देतात. "या चौघांपैकी आधी कोणाकडे जाल?" असं विचारलं की त्यांचं बोट सगळ्यांत मोठ्या आजाराच्या नावावर जातं. महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं की कौन्सिलची नोंदणी मिळते, त्यासाठी वेगळी परीक्षा नसते. त्यामुळे हा प्रश्न इतक्या उघडपणे त्यांना कोणी विचारलेलाच नसतो.

सिरीयस म्हणजे आजार मोठा. अस्थिर म्हणजे तब्येत आत्ता, या तासाभरात बदलतेय. आधी जायचं ते अस्थिर पेशंटकडे.

वर्गात मी नेहमी एक रात्रपाळी मांडते. पहिल्या बेडवर डायलिसिसचे काका, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) ९, पोटॅशियम ठीक, उद्या सकाळी डायलिसिस. दुसऱ्यावर सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे आजोबा, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९०. तिसऱ्यावर नडगीच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेला मुलगा, वॉर्ड डोक्यावर घेतलाय. चौथ्यावर कवठेमहांकाळकडचा एक तरुण. द्राक्षबागेतल्या शेडमध्ये जमिनीवर झोपला होता, पोट दुखतंय म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही, सॅच्युरेशन ९८. डोळे अर्धवट मिटलेले. भाऊ म्हणतो, "जागरण झालंय, झोपू द्या त्याला."

निम्मा वर्ग आजोबांकडे धावतो, कारण ९० आकडा बघून छातीत धस्स होतं. पण सीओपीडीत ८८ ते ९२ हेच आपलं लक्ष्य असतं, आजोबा त्यांच्या जागी बरे आहेत. काकांचं ९ क्रिएटिनिनही डायलिसिसवरच्या माणसाला अपेक्षितच. दोघंही सिरीयस, दोघंही स्थिर.

पहिला नंबर त्या शांत तरुणाचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखतही फारसं नाही. विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या उतरतात, मग आवाज नाकातून येऊ लागतो, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. सॅच्युरेशन पडतं ते अगदी शेवटी, म्हणून मॉनिटरवरचा ९८ इथे फसवा. त्याला उठवायचं आणि सांगायचं, "एका दमात एक, दोन, तीन मोजा." आत्ता वीसपर्यंत गेला आणि थोड्या वेळाने बारालाच थांबला, तर डॉक्टरांना तिथूनच हाक मारायची, हाताने दाबून श्वास द्यायची अॅम्बू बॅग उशाशी आणून ठेवायची. उशीवरून मान उचलता येते का, तेही बघायचं. घोणस चावलेला माणूस सुजलेल्या पायाने ओरडत येतो, हिरड्यांतून रक्त येतं, त्याच्याकडे दुर्लक्ष होतच नाही. मण्यारवाला झोपलेला दिसतो.

आणि तो ओरडणारा मुलगा? "ऑपरेशन झालंय, दुखणारच," म्हणून त्याला शेवटी टाकणारेही चुकतात. दुखणं अपेक्षित आहे, पण इंजेक्शन देऊनही वाढत जाणारं दुखणं अपेक्षित नाही. पायाची बोटं हलकेच ताणली आणि तो किंचाळला, पोटरी दगडासारखी लागली, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असू शकतो, आणि तिथे पाय वाचवायला हातात काही तासच असतात. त्याचा नंबर दुसरा.

बदल पकडायचा तर आधीचं माप खरं हवं. माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका रात्री मी सगळ्या चार्टवर श्वास २० लिहून टाकला होता, न मोजता. सकाळी सीनियर सिस्टरनी एका बेडपाशी नेलं आणि म्हणाल्या, "आता घड्याळ लावून मोज." ३२ भरला. तो केव्हापासून चढत होता हे कोणालाच कळणार नव्हतं, कारण माझ्या चार्टवर रात्रभर २० होता. पेशंटची तब्येत ढासळतेय का ते गुणांनी मोजणाऱ्या ब्रिटनच्या न्यूज-२ स्कोअरमध्ये मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असला की त्या एकाच नोंदीला सगळ्यांत जास्त, म्हणजे ३ गुण मिळतात. आपल्याकडे नेमकी हीच नोंद अंदाजाने भरली जाते.

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं रूप बदललं. आता एकाच पेशंटवर सहा प्रश्नांची केस येते, आणि विचाराच्या सहा पायऱ्या एकेक करून तपासल्या जातात: खुणा टिपा, अर्थ लावा, कोणती शक्यता आधी ते ठरवा, उपाय शोधा, कृती करा, परिणाम बघा. प्राधान्य तिसऱ्या पायरीवर आहे. आमची मुलं थेट तिथे उडी मारतात. प्रश्नात "नव्याने", "अचानक", "तासाभरापूर्वीपेक्षा" असे शब्द आले की पेन्सिल तिथे थांबली पाहिजे. दम्याच्या मुलीची घरघर अचानक बंद झाली पण ती अजून धापा टाकतेय, हा बदल चांगला नाही. हवा आतच जात नाहीये.

एका ठिकाणी हा नियम उलटतो. खंबाटकी घाटात बस उलटली, जखमी तीस आणि सिस्टर दोघी, अशा वेळी श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही त्याला काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नसल्याची खूण, बांधून पुढे जातात. वॉर्डात त्याच माणसासाठी आपण सगळं सोडून धावलो असतो. म्हणून नावं आणि आकडे वाचण्याआधी प्रश्नातली जागा वाचा: वॉर्ड आहे की घाट.