रेंज फुल, नेट गुल

वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात, तरी व्हिडिओ कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठलेला असतो. अशा वेळी बहुतेक घरांत दोन उपाय होतात. आधी नेटवाल्याला फोन करून प्लॅन वाढवून घेतात. त्याने भागलं नाही की चार-सहा अँटेनांचा महागडा राउटर येतो. दोन्हींचा उपयोग बेताचाच होतो, कारण त्या रेघा फार थोडं सांगतात. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात येतोय, एवढंच. फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचतंय का आणि मधली हवा मोकळी आहे का, हे त्यांच्यावरून कळत नाही. वायरलेस नेटवर्क बसवताना होणाऱ्या बऱ्याच चुका हे दोन प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आधी उत्तराचं बघू. फोन बॅटरीवर चालतो, त्यामुळे त्याची प्रसारणशक्ती राउटरपेक्षा कमीच ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन राउटरची पॉवर ‘हाय’ केली की फोनवरच्या रेघा वाढतात, पण फोनचं उत्तर होतं तेवढंच क्षीण राहतं. प्रत्येक पॅकेटची पोच परत यावी लागते. ती आली नाही तर राउटर तेच पॅकेट, म्हणजे माहितीचा तोच तुकडा, पुन्हा पाठवतो. म्हणून मोठ्या इमारतींत काम करणारे जाणकार ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वायरीवरून आलेलं नेट वाय-फायने वाटणाऱ्या डब्याची, पॉवर कित्येकदा मुद्दाम कमी करतात.

अँटेनाचं तसं नाही. चांगली अँटेना पाठवताना आणि घेताना दोन्हीकडे मदत करते. मात्र ती नवी ऊर्जा निर्माण करत नाही, आहे ती एका दिशेला वळवते. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो, म्हणजे आजूबाजूला भरपूर आणि वर-खाली जवळपास काही नाही. जास्त ‘डीबीआय’ची (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) अँटेना म्हणजे तोच वडा दाबून चपटा केलेला. बंगल्याच्या तळमजल्यावर अशी अँटेना लावली की अंगणाच्या टोकापर्यंत रेंज मिळते आणि बरोबर वरच्या खोलीत बोंब होते.

मग भिंती. इथे हिशेब डेसिबेलमध्ये होतो आणि तो फसवा आहे: १० डेसिबेल गेले म्हणजे सिग्नल एक-दशांश उरला, २० गेले की एक-शतांश. विटांची भिंत साधारण ५ ते १० डेसिबेल खाते. काँक्रीटची भिंत १५-२० सहज, आणि वाय-फायच्या २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ वर त्याहूनही जास्त. मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरांत ‘मायवान’ पद्धतीचं बांधकाम असतं. तिथे आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घालून काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतात. जुन्या चाळीत एका राउटरवर भागत असे, ते या टू-बीएचकेत भागत नाही. यात दोष कंपनीचा नाही, भिंतीचा आहे. शिवाय राउटर बसतो तो जिथे फायबर घरात शिरते तिथे, म्हणजे मुख्य दाराच्या वर, चपलांच्या रॅकशेजारी किंवा टीव्हीच्या पाठीमागे. घराचा मध्य कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. वाटेत लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आला तर विषयच संपला. आरशामागचा धातूचा पातळ थर रेडिओ लहरीही परतवतो.

पण खरा गोंधळ हवेचा आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरच्या केंद्रांना रेडिओने संगणकाशी जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. नियम साधा होता: मनात येईल तेव्हा बोला, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. अब्रॅमसन यांनी गणित मांडलं तेव्हा दिसलं की अशा पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते. बाकी सगळं एकमेकांवर आदळण्यात आणि वाट बघण्यात जातं. वाय-फाय त्यापेक्षा शहाणं आहे. ते आधी ऐकतं, हवा शांत असेल तरच बोलतं. तरी एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका वाहिनीवर, एका वेळी एकानेच बोलायचं, हे बंधन त्यालाही चुकलेलं नाही. वाय-फाय ६ पासून एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं वाटून द्यायची सोय आली आहे, पण ती दोन्हीकडची उपकरणं नवी असतील तरच.

म्हणजे हवेत वाटली जाते ती वेळ. आतल्या बेडरूममधला एक फोन कसाबसा सेकंदाला ६ मेगाबिटवर जोडलेला आहे आणि राउटरशेजारचा लॅपटॉप ३०० वर आहे, असं समजा. एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिट, नेण्यासाठी फोन सव्वा सेकंदाहून जास्त हवा अडवतो. लॅपटॉपचं तेच काम त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यात होतं. त्यामुळे कोपऱ्यातल्या एका फोनचं रील सगळ्या घराचं नेट खाली ओढतं, मग प्लॅन कितीचाही असो. ‘बूस्टर’ म्हणून विकला जाणारा साधा रिपीटर यात भरच घालतो. एकाच रेडिओवर तो ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणजे एका कामाला दुप्पट वेळ. त्यातून तो जिथे रेंज संपली आहे तिथेच लावला जातो, आणि मग मुळातला मोडका सिग्नलच पुढे ढकलत राहतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवान्याविना खुला झाला. त्यात चॅनेल तेरा दिसत असले तरी ते एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एकेक सिग्नल २० मेगाहर्ट्झ रुंद आहे. एकमेकांत न मिसळणारे म्हणून १, ६ आणि ११ हेच तीन वापरायचे. सोसायटीतला एखादा हौशी माणूस ॲपवर पाहतो की ३ नंबरवर कोणीच नाही, आणि तिथे जाऊन बसतो. इथेच घात होतो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांना ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. ३ सारख्या मधल्या चॅनेलवरच्याचं बोलणं मात्र शेजाऱ्यांना नुसता गोंगाट वाटतं, आणि त्यांचं त्याला. गर्दीतलाच १, ६ किंवा ११ निवडणं त्यापेक्षा बरं. त्याहून बरं म्हणजे जमेल तितकी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर नेणं. तिथे २०१८ पासून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे आहेत, तर २.४ मध्ये जेमतेम ८३.५. ‘५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जात नाही’ ही नेहमीची तक्रार दाट वस्तीत वरदान ठरते, कारण शेजाऱ्यांचंही तुमच्याकडे येत नाही.

लॉज आणि वसतिगृहांमधली ठरलेली चूक म्हणजे कॉरिडॉरमध्ये ओळीने लावलेले ॲक्सेस पॉइंट. वायर ओढायला सोपं, दिसायला नीटनेटकं. आपल्याकडच्या खोल्यांत दार उघडलं की बाजूला बाथरूम असते. टाइल्स, पाण्याचे पाइप, आरसा, गिझर हे सगळं ओलांडून सिग्नल पलंगापर्यंत पोहोचायचा. उलट कॉरिडॉर सरळ आणि मोकळा, म्हणून सगळे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना छान ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबून राहतात. ज्यांना ऐकू जायला हवं ते खोल्यांत, आणि ज्यांना जायला नको ते समोरासमोर. खर्च वाढतो हे खरं, पण ॲक्सेस पॉइंटची जागा खोल्यांच्या आतच आहे.

शाळा-कॉलेजांत आणखी एक हौस दिसते: स्टाफ, विद्यार्थी, पाहुणे, अकाउंट्स, सीसीटीव्ही, प्रत्येकासाठी वेगळ्या नावाचं नेटवर्क. प्रत्येक नाव सेकंदाला जवळपास दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करतं, आणि तीही सगळ्यात धिम्या वेगाने. १ मेगाबिट वेगावर ३०० बाइटची घोषणा २.४ मिलिसेकंद घेते. एका चॅनेलवर ऐकू येणारे चार ॲक्सेस पॉइंट आणि प्रत्येकावर पाच नावं धरली, तर विद्यार्थ्यांनी एकही पान उघडण्याआधीच निम्मी हवा संपते. नावं दोन-तीनवर आणायची आणि जुने धिमे वेग बंद करायचे. याला एक पैसा लागत नाही.

वायरलेसचा अर्धा इलाज वायरीतच आहे. दुसरा ॲक्सेस पॉइंट केबलने जोडला की रिपीटरची कटकट राहत नाही. मात्र केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात. क्रिंपिंग करणाऱ्याने, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणाऱ्याने, चारच जोडल्या तर काम चालतं, पण १०० मेगाबिटवर. स्पीड टेस्ट कायम ९०-९५ वरच अडकत असेल तर राउटरकडे बघण्याआधी त्या कनेक्टरकडे बघा. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तिच्यातून लांबवर वीजही पाठवायची असेल तर ती तापते.

गावातून शेतघरापर्यंत डिश लावून नेट नेणाऱ्यांची चूक वेगळी, आणि तिचं खापर पावसावर फुटतं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ताशी १०० मिलिमीटरचा पाऊसही किलोमीटरमागे जेमतेम एक डेसिबेल खातो. मग आषाढात लिंक का तुटते? पाहणी मे महिन्यात झालेली असते आणि तेव्हा साग निष्पर्ण असतो. जुलैत त्याच्या परातीएवढ्या ओल्या पानांची भिंत मध्ये उभी राहते, आणि पानांनी भरलेलं एक झाडसुद्धा दहाएक डेसिबेल गिळतं. दुर्बिणीतून समोरची डिश दिसते, हेही पुरेसं नाही. लहर फुगीर जागा व्यापते. पाच किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर तिची त्रिज्या ८ मीटरच्या आसपास असते, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग झाडं-टेकाडांपासून मोकळा लागतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव त्या जागेला आहे. झाडं नसताना पावसात लिंक तुटली, तर कनेक्टर उघडून आत पाणी शिरलंय का बघावं. केबल डिशकडून उतरताना पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडलेला असेल, तर पाणी तिथूनच गळून जातं. केबल ताणून सरळ आणलेली असेल तर ते तिच्यावरून ओघळत थेट सर्किटपर्यंत पोहोचतं.