मे महिन्यातला ड्रायर आणि जुलैतला ड्रेन

चाकणच्या एखाद्या पेंट शॉपमध्ये दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाण्याचा बारीकसा थेंब उडाला, की वाळलेल्या पत्र्यावर फोड दिसतो आणि तो पत्रा घासून पुन्हा रंगवावा लागतो. इचलकरंजीतल्या एअरजेट मागावर हेच पाणी कापडावर डाग पाडते, तर फाउंड्रीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक सिलिंडरमधले वंगण धुऊन नेऊन त्याला अडखळायला लावते. ‘लाइनला पाणी येतंय’, म्हणजे दाबलेल्या हवेच्या पाइपातून पाणी येतंय, अशी तक्रार आली, की बोट बहुधा दोन गोष्टींकडे दाखवले जाते: पावसाळा आणि ही हवा सुकवणारा ड्रायर. दोन्ही आरोपांत तथ्य आहे, पण ते एकाच वेळी केले जातात तेव्हा गफलत होते. ड्रायरचा खरा कसोटीचा महिना मे असतो, आणि जुलैत कसोटी लागते ती साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या, कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या ड्रेनची.

हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा हिशेब पुरतो. एखाद्या जागेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकेल, हे त्या जागेच्या आकारमानावर आणि तापमानावर ठरते. तिथे इतर वायू किती दाबून भरले आहेत याचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो, हे जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. कॉम्प्रेसर बाहेरची ८ घनमीटर हवा घेऊन ७ बार गेज दाबाला (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार जास्त) ती साधारण १ घनमीटर जागेत कोंबतो. त्या ८ घनमीटरांतले सगळे बाष्प आता एका घनमीटरात आलेले असते. हवा दाबताना तापलेली असते तोवर ते कसेबसे मावते, पण कॉम्प्रेसरनंतरच्या आफ्टरकूलर या शीतकात ती थंड होऊ लागताच जास्तीचे बाष्प पाणी होऊन खाली उतरते. तरीही आफ्टरकूलरमधून बाहेर पडणारी हवा त्या तापमानाला पूर्ण संपृक्तच असते, म्हणजे ती आणखी एक अंश जरी निवली तरी पुन्हा पाणी सोडते. ते पुढे पाइपात सुटू नये म्हणून ड्रायर लागतो.

आता पुणे परिसरातले दोन दिवस घेऊ. जुलैतल्या भिजट दुपारी तापमान २६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते आणि ८ घनमीटरांत सुमारे १७६ ग्रॅम. मेमधल्या दुपारी ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत सुमारे १११ ग्रॅम. मेमधली हवा कोरडी, ही आपली समजूत इथवर बरोबर आहे. मात्र हवेने थंड होणारा आफ्टरकूलर दाबलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा दहाएक अंश जास्त तापमानावर आणून सोडतो. जुलैत ही हवा साधारण ३६ अंशांवर ड्रायरकडे येते आणि तिच्यात जेमतेम ४३ ग्रॅम पाणी उरलेले असते. बाकीचे १३३ ग्रॅम आफ्टरकूलरखालीच पडलेले असते. मेमध्ये कॉम्प्रेसर रूममधला उकाडा धरून हीच हवा ५० अंशांवर येते. तेवढ्या तापमानाला तिच्यात ८६ ग्रॅम पाणी मजेत मावते, त्यामुळे आफ्टरकूलरखाली फक्त २५ ग्रॅम पडते आणि उरलेला सगळा बोजा ड्रायरवर जातो.

हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. बाहेरची हवा कोरडी असूनही मेमध्ये ड्रायरवर जुलैच्या दुप्पट पाणी येते, आणि जुलैत आफ्टरकूलरखालच्या ड्रेनवर मेच्या पाचपट. ड्रायरला बाहेरच्या आर्द्रतेशी फारसे देणेघेणे नसते. त्याच्या दारात हवा किती अंशांची येते, एवढेच त्याच्यासाठी महत्त्वाचे.

त्यामुळे उन्हाळ्यातला इलाज ड्रायरच्या अलीकडे शोधावा लागतो. आपल्याकडे कॉम्प्रेसर आणि ड्रायर एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने बसवायची पद्धत आहे. कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो, म्हणजे ७५ एचपीचे यंत्र म्हणजे त्या शेडमध्ये पेटलेली ५५ किलोवॉटची शेगडीच. ती गरम हवा डक्ट लावून शेडबाहेर काढली नाही, तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि वर ड्रायरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवरही आदळते. कंडेन्सरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पट्ट्यांमध्ये, धूळ आणि तेलकट कापूस अडकलेला असेल, तर हवा थंड करून सुकवणारा रेफ्रिजरेशन ड्रायर आपली उष्णता टाकणार कुठे? अशा वेळी ‘गॅस भरा’ असा सल्ला लगेच मिळतो, पण आधी ब्रशने फिन्स साफ करून, आफ्टरकूलर धुऊन आणि शेडचे तापमान मोजून पाहणे स्वस्त पडते. ड्रायर विकत घेतानाही नेमप्लेट नीट वाचावी. अनेक कॅटलॉगांत दिलेली क्षमता हवा ३५ अंशांवर आत येते आणि भोवतालचे तापमान २५ अंश असते, असे गृहीत धरून लिहिलेली असते; ५० अंशांची हवा आत सोडली, तर तीच क्षमता निम्म्याच्या थोडीच वर उरते. माझ्या मते आपल्याकडचा ड्रायर मेमधल्या दुपारच्या आकड्यांवरच निवडायला हवा, वर्षाच्या सरासरीवर नव्हे.

जुलैची गोष्ट वेगळी. मिनिटाला १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आफ्टरकूलरखाली जुलैत तासाला सुमारे १० लिटर पाणी जमते. तीन पाळ्या चालणाऱ्या कारखान्यात २०० लिटरचा पिंप दिवसभरात भरून वाहील, इतके ते असते. हे सगळे पाणी मुठीएवढ्या एका ड्रेनमधून बाहेर पडावे लागते. टायमरवर चालणारा ड्रेन मेमध्ये लावून ठेवला असेल, तर पाचपट पाण्यापुढे त्याची उघडझाप अपुरी पडते. उलट जुलैच्या मापाने लावलेला टायमर मेमध्ये पाण्याऐवजी महागाची दाबलेली हवाच फुकट सोडतो. तरंगत्या गोळ्याच्या ड्रेनला वेळेची अडचण नसते, पण गंज आणि तेलाचा चिखल साचून गोळा अडकतो. पाण्याची पातळी ओळखून उघडणारा ड्रेन या दोन्हींपेक्षा भरवशाचा, तरी त्याच्याही आधीची जाळी साफ करावीच लागते.

एका कारखान्यात लाइनला पाणी येते म्हणून नवा, मोठा ड्रायर बसवला गेला होता आणि पाणी तरीही येत होते. पाहिले तेव्हा आफ्टरकूलरखालचा ऑटो ड्रेन उत्तम स्थितीत होता. त्याच्या आधीचा बॉल व्हॉल्व्ह मात्र मागच्या सर्व्हिसिंगनंतर कोणी उघडलाच नव्हता. व्हॉल्व्हची दांडी पाइपाला आडवी होती, म्हणजे तो बंदच होता, आणि तिच्यावर धुळीचा थर बसला होता. ती सरळ करून ड्रेनची चाचणीची कळ दाबली, तेव्हा आधी विटकरी पाणी, मग दुधासारखे तेलमिश्रित पाणी, आणि बऱ्याच वेळाने हवेची कोरडी फुंकर आली. निरोगी ड्रेनवर ही कळ दाबली, की एक-दोन सेकंदांतच फुंकर यायला हवी. पाळी बदलताना प्रत्येक ड्रेनवर एवढे केले, तरी बरेचसे आजार वेळीच कळतात.

ड्रायरच्या पोटातही एक ड्रेन असतो, आणि तो तुंबला की फसगत मोठी होते. रेफ्रिजरेशन ड्रायर हवेला साधारण ३ अंशांपर्यंत थंड करतो. त्याखाली गेला तर आत बर्फ धरेल. थंड हवेतून पडलेले पाणी ड्रेनने बाहेर जाते आणि ती कोरडी हवा बाहेर पडण्याआधी आत येणाऱ्या गरम हवेच्या शेजारून जाऊन पुन्हा कोमट होते, म्हणजे पुढच्या पाइपांना बाहेरून घाम सुटत नाही. ड्रेन तुंबला, तर हवा तेवढीच थंड होते, पण साचलेले पाणी तिच्या झोतात उचलले जाऊन पुढे निघून जाते. डिस्प्लेवर तेव्हाही ३ चाच आकडा असतो, कारण बहुतेक यंत्रांत तो आतल्या थंड भागाचे तापमान दाखवतो. बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ती पाणी सोडू लागते ते तापमान, त्याला ठाऊक नसतो. तो कळायला लाइनवर वेगळा दवबिंदू मापक लागतो. ड्रायरवर हात ठेवूनही थोडे कळते: आत येणारा पाइप गरम आणि बाहेर जाणारा कोमट असायला हवा, बाहेरचा पाइप गार आणि ओला लागला, तर हवा पुन्हा कोमट करणाऱ्या आतल्या उष्णता विनिमयकात बिघाड आहे असे समजावे.

औषधनिर्मितीत आणि मापन-नियंत्रण उपकरणांना लागणाऱ्या हवेसाठी ३ अंशांचा दवबिंदू पुरत नाही. तिथे उणे ४० अंश लागतात. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८५७३-१, त्याच्या भाषेत हा दुसरा वर्ग, तर ३ अंशांचा चौथा. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे बाष्प धरून ठेवणारे दाणे भरलेले दोन टॉवर असतात. एक हवा सुकवतो, तोवर दुसऱ्यातून कोरडी हवा उलटी सोडून त्याचे दाणे सुकवले जातात. हीटर नसलेल्या प्रकारात या कामी सुमारे १५ टक्के हवा खर्ची पडते. हे दाणे बाष्पासाठी असतात, वाहत्या पाण्यासाठी नव्हे. आधीच्या फिल्टरचा ड्रेन बंद पडून पाणी किंवा तेल त्यांच्यावर गेले, की एरवी तीन ते पाच वर्षे टिकणारा माल बघता बघता निकामी होतो. टॉवरची पाळी बदलताना होणारा ‘फुस्स’ आवाज दबका वाटू लागला, तर हवा बाहेर सोडण्याच्या तोंडावरचा सायलेन्सर दाण्यांच्या भुकटीने चोंदल्याची शंका घ्यावी, कारण मग मोकळ्या व्हायच्या टॉवरमध्ये दाब अडकून राहतो आणि दाणे नीट सुकत नाहीत.

राहता राहिली थंडी. सिन्नरकडे डिसेंबरच्या पहाटे शेडबाहेरून जाणारा पाइप सात-आठ अंशांपर्यंत निवतो. ड्रायरचा खरा दवबिंदू ३ अंशांऐवजी १२ वर सरकलेला असेल, तर दिवसभर काही जाणवत नाही आणि पहिल्या पाळीला मात्र गनमधून पाणी येते. म्हणून, पाइपात पाणी सुटलेच तर ते वापराच्या ठिकाणी उतरू नये यासाठी, शाखा नेहमी मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढावी, मुख्य पाइपाला किंचित उतार द्यावा आणि उताराच्या टोकाला ड्रेन ठेवावा.

आणि एक तपासणी बादलीने करता येते. आफ्टरकूलरचा ड्रेन तासभर बादलीत सोडून पाणी मोजावे आणि त्या दिवसाच्या तापमान-आर्द्रतेवरून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. दहा लिटर अपेक्षित असताना तीनच जमले, तर उरलेले सात पुढे गेले आहेत. त्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो, त्यामुळे बादली गटारात न ओतता तेल वेगळे करणाऱ्या टाकीतच रिकामी करावी.