जर्मनीत भारतीय लायसन्स बदलून घेताना लोक नेमके कुठे अडकतात

आधी मोठा गैरसमज दूर करूया. भारतीय लायसन्स जर्मनीत बदलून मिळतं, पण खिडकीवर आपलं कार्ड दिलं आणि जर्मन कार्ड घेऊन बाहेर पडलो असं होत नाही. जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांची यादी जर्मन नियमांत आहे, त्या लोकांना परीक्षा माफ असते. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात, माफ होतं ते फक्त सक्तीचं ट्रेनिंग.

पण हे "फक्त" खूप मोठं आहे बरं का. इथे नव्याने कारचं लायसन्स काढणाऱ्याला ९० मिनिटांची १४ थिअरी लेक्चर्स आणि १२ खास ड्राइव्ह करावे लागतात, ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर म्हणजे एक्सप्रेसवेवर, ३ अंधारात. प्रत्येकाचे पैसे वेगळे. आपलं जुनं लायसन्स असेल तर यातलं काहीच सक्तीचं नाही, तयारी झाली की थेट परीक्षेला बसता येतं. म्हणून ते कार्ड जपा आणि त्याच्यावर काय छापलंय ते एकदा नीट वाचा, कारण नकार येतात ते बहुतेक त्या कार्डावरच्या तारखांमुळे आणि नावामुळे.

आता सहा महिन्यांचं. भारतीय लायसन्सवर जर्मनीत सहा महिने गाडी चालवता येते आणि हे सहा महिने तुम्ही इथे राहायला आलात तेव्हापासून सुरू होतात, व्यवहारात बहुतेकदा आनमेल्डुंगची, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीची, तारीख बघितली जाते. रेसिडेन्स परमिटचं कार्ड हातात आलं तेव्हापासून नाही, गाडी घेतली तेव्हापासून तर नाहीच नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इंटरनॅशनल परमिटमुळे. आरटीओने दिलेल्या त्या पुस्तिकेवर एक वर्षाची व्हॅलिडिटी छापलेली असते, म्हणून लोक धरून चालतात की वर्षभर चालेल. नाही चालत! ती पुस्तिका म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर, तिच्यामुळे सहा महिन्यांचे बारा होत नाहीत. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी तेच उत्तर येतं, "अगं पण त्याच्यावर तारीख लिहिलीय ना."

मध्ये महिनाभर भारतात जाऊन आलं तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते हाही समज चुकीचा, राहण्याचं ठिकाण जर्मनीच असेल तर घड्याळ चालूच राहतं. आणि अर्ज टाकलाय, लायसन्स ऑफिसकडून उत्तर यायचंय, तोवर चालवलं तर काय होतंय असंही नाही, अर्ज पेंडिंग असल्याने मुदत वाढत नाही. वाढवून मिळते ती आणखी सहा महिने, तीही तुम्ही एकूण बारा महिन्यांहून जास्त राहणार नाही हे पटवून देता आलं तर. म्हणजे वर्षभराच्या प्रोजेक्टवर आलेल्याला मिळू शकते. पर्मनंट काँट्रॅक्ट हातात असलेल्याने तिथे वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

मुदत उलटल्यावर चालवलं तर ते पार्किंगच्या दंडासारखं प्रकरण नसतं. विनालायसन्स गाडी चालवणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ज्याची गाडी आहे आणि ज्याने तुम्हाला चालवू दिली तोही त्यात अडकतो, म्हणून मित्राची गाडी मागताना त्याचाही विचार करा. अपघात झालाच तर इन्शुरन्स कंपनी तुमच्याकडून पैसे वसूल करायला येऊ शकते ते वेगळंच. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने हे कशाला ओढवून घ्यायचं?

एक दिलासा मात्र आहे. सहा महिने उलटले म्हणजे बदलून घ्यायचा हक्क गेला असं नाही. गाडी चालवणं थांबवायचं, अर्ज नंतरही करता येतो. पण अर्जासोबत तुमचं भारतीय लायसन्स अजून चालू आहे असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे ते एक्सपायर झालेलं नको. भारतात संपायच्या आधी एक वर्षापासून रिन्यू करता येतं, आणि संपून एक वर्ष उलटून गेलं की तिथेही पुन्हा टेस्ट द्यावी लागते. त्यामुळे निघायच्या आधी किंवा पहिल्याच सुट्टीत हे काम उरका.

आता रिन्यूअलमधली मेख. जर्मन नियम असा आहे की लायसन्स काढलं तेव्हा तुम्ही जर्मनीचे रहिवासी असाल तर ते इथे धरतच नाहीत. इथे शिकायला आलेली मुलं सुट्टीत घरी जाऊन लायसन्स काढून आणतात, कोणीतरी सांगितलेलं असतं की तिकडे स्वस्तात होतं, आणि मग अर्ज फेटाळला की फोन येतो. त्याला इलाज नाही, त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं. लर्निंग लायसन्सही धरत नाहीत. पण ज्यांचं लायसन्स पंधरा वर्षांपूर्वीचं आहे आणि फक्त रिन्यू किंवा डुप्लिकेट कार्ड आनमेल्डुंगनंतर काढलंय, त्यांनाही कधीकधी हाच नकार येतो, कारण ऑफिसातला माणूस कार्डावरची सगळ्यात ठळक तारीख बघतो आणि ती नवीन असते.

म्हणून कार्ड हातात घ्या आणि बघा. आपल्या जुन्या महाराष्ट्राच्या कार्डावर वर डीओआय म्हणजे कार्ड दिल्याची एक तारीख असते आणि खाली बारीक अक्षरात सीओव्ही म्हणजे गाडीच्या प्रकारांचे कॉलम असतात, तिथे एलएमव्हीच्या, म्हणजे कारच्या, समोर वेगळी तारीख असते. कार चालवायचं लायसन्स तुम्हाला केव्हा मिळालं हे त्या ओळीवरून कळतं. भाषांतर करणाऱ्याला ती ओळ गाळू नका असं बजावून सांगा, आणि कव्हर लेटरमध्ये स्वतःही लिहा की मूळ लायसन्स या तारखेचं आहे, कार्ड नंतर बदललंय. कार्डावर ती तारीख नसेल तर सरकारच्या सारथी पोर्टलवरून डीएल एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्सच्या नोंदीचा उतारा, काढा, जुन्या कार्डाची झेरॉक्स असेल तर तीही जोडा. तीच ओळ बघताना एलएमव्ही खरंच आहे ना हेही तपासा. फक्त एमसीडब्ल्यूजी असेल तर ते मोटारसायकलचं लायसन्स झालं, त्याच्या जोरावर कारचं ट्रेनिंग माफ होणार नाही.

आणि मुळात कार्ड लागतं, प्लास्टिकचं, हातात धरता येईल असं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं लायसन्स भारतात पोलिसाला दाखवून चालतं त्यामुळे कित्येकांनी खरं कार्ड कुठे ठेवलंय हे विचारलं की शांतता. जर्मन ऑफिसला मोबाइलचा स्क्रीन चालत नाही, प्रिंटआउटही नाही. घरी आईबाबांना सांगून कपाटं शोधायला लावा, नाहीच सापडलं तर डुप्लिकेटसाठी अर्ज करा, आणि हे शक्यतो विमानात बसायच्या आधी करा. अक्षरं पुसली गेली असतील तर तेही आधीच बदलून घ्या, कारण न वाचता येणाऱ्या कार्डाचं भाषांतर कोणी करून देणार नाही.

नावाचं दुखणं आपल्याकडे फार आहे. लायसन्सवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव गायब, कधी ते पहिल्या नावाला चिकटून. बायकांचं तर विचारू नका, लायसन्स कॉलेजात असताना माहेरच्या नावाने काढलेलं आणि पासपोर्ट लग्नानंतर सासरच्या नावाने. आपल्याला हे बघताक्षणी समजतं पण ऑफिसात समोर बसलेल्या बाईंना समजत नाही, त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. एका मैत्रिणीचं मधलं नाव एका कागदावर वडिलांचं आणि दुसऱ्यावर नवऱ्याचं होतं, टर्मिनला म्हणजे अपॉइंटमेंटला महिना दीड महिना थांबून ती गेली आणि पाच मिनिटांत परत पाठवली, आणि काय आणायचं हे सुद्धा धड सांगितलं नाही. माणूस समोर उभा आहे, फोटो जुळतोय, जन्मतारीख जुळतेय, तरी! तेव्हा लग्नाचा दाखला, भाषांतरासकट, विचारायच्या आधीच फाइलमध्ये ठेवा. पुढे वेळ असेल तर भारतातच लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घेणं सगळ्यात उत्तम.

भाषांतर स्वतः केलेलं किंवा ऑफिसातल्या जर्मन मित्राने करून दिलेलं चालत नाही. शपथ घेतलेल्या अधिकृत भाषांतरकाराचं किंवा एडीएसीसारख्या मोटर क्लबचं घ्या. काही ठिकाणी कार्ड इंग्रजीत आहे म्हणून भाषांतर मागत नाहीत, पण त्या भरवशावर जाऊ नका, आधी ईमेल करून तुमच्या ऑफिसला विचारा आणि उत्तराची प्रिंट सोबत न्या. गावागणिक नियम लावायची पद्धत वेगळी, आणि एकाच ऑफिसात दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळतात हे दुर्दैवाने खरं आहे.

बाकीचे कागद सोपे आहेत. पासपोर्ट, आनमेल्डुंगचा कागद, बायोमेट्रिक फोटो. डोळ्यांची टेस्ट चष्म्याच्या दुकानात होते, तो कागद दोन वर्षं चालतो, चष्मा असेल तर लावून जा. फर्स्ट एडचा कोर्स एका दिवसाचा, ४५ मिनिटांचे ९ तास. भारतातलं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट चालेल असं धरू नका. डॉक्टर आणि डेंटिस्ट असाल तर मात्र भारतातली डिग्री दाखवून हा कोर्स टाळता येतो, हे बऱ्याच डॉक्टरांना माहीतच नसतं.

अर्जावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव लागतं आणि इथे लोक चमकतात, की ट्रेनिंग माफ आहे ना मग स्कूल कशाला. परीक्षा स्कूलच्याच गाडीत, शिकवणारा शेजारी बसलेला असतानाच होते, स्वतःची गाडी घेऊन जाता येत नाही. तेव्हा आधी स्कूल ठरवा, मग अर्ज. काही स्कूल बदलून घेणाऱ्यांना घेत नाहीत, काही खूप तास गळ्यात मारतात. किती तास लागतील हे एका ट्रायल ड्राइव्हनंतर विचारा, दर लेखी घ्या आणि पटलं नाही तर दुसरीकडे जा. पण चार-सहा तास तरी घ्याच, ते पैसे वाचवायला जाऊ नका. अजून एक, परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर जर्मन कार्डावर साधारणपणे ७८ नंबरचा कोड येतो आणि मग गियरची गाडी चालवता येत नाही, भले तुम्ही भारतात आयुष्यभर गियरची चालवलेली असो.

लेखी परीक्षा जर्मनशिवाय १२ भाषांत देता येते. त्यात इंग्रजी आहे, हिंदी-मराठी नाही. भाषा कोणती ते स्कूलला सुरुवातीलाच सांगा. ३० प्रश्न, चुकलेल्या उत्तराला एरर पॉइंट पडतात, १० पर्यंत पास, पण पाच पॉइंटचे दोन प्रश्न चुकले तर बरोबर १० होऊनही नापास. हे वाचून ठेवा कारण लोक १० बघून खूश होतात आणि स्क्रीनवर नापास येतं. पाचवाले प्रश्न बहुतेक कोणाला आधी जाऊ द्यायचं यावरचे असतात, तेवढे पक्के करा. नापास झालात तर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. अर्ज मंजूर होऊन परीक्षेची ऑर्डर निघाल्यापासून १२ महिन्यांत लेखी पास व्हायचं आणि लेखी पास झाल्यापासून १२ महिन्यांत गाडीची परीक्षा, नाहीतर लेखीचा निकाल बाद. भारतात मोठ्या सुट्टीवर जाणार असाल तर या दोन तारखा कॅलेंडरवर टाका.

गाडीची परीक्षा ५५ मिनिटांची. वीस वर्षं गाडी चालवलेली माणसं इथे नापास होतात आणि त्यांना फार लागतं ते. गाडी येत नाही म्हणून नाही, सवयीमुळे. लेन बदलताना किंवा वळताना फक्त आरशात बघतात, मान वळवून खांद्यावरून बघत नाहीत, आणि उजवीकडे वळताना शेजारून सायकलवाला येत असतो. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आपण समोरच्याच्या नजरेवरून ठरवतो. आणि घाबरून उगाच हळू चालवणं हीही चूक धरतात, १०० च्या रस्त्यावर कारण नसताना ६० ने गेलात तर परीक्षक लिहून घेतो.

पास झालात म्हणजे लगेच चालवायला मोकळे असंही समजू नका. कार्ड किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात मिळेपर्यंत थांबा. कार्ड घेताना प्रोबेशनचंही बघा. नव्या लायसन्सला इथे दोन वर्षांचा प्रोबेशन काळ असतो पण भारतातलं लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यातून वजा होतो, म्हणजे दोन वर्षांहून जुनं असेल तर प्रोबेशन उरत नाही. इथेही ऑफिसने रिन्यूअलची तारीख धरलेली असू शकते, तेव्हा तिथल्या तिथे विचारा.

जर्मन कार्ड मिळतं ते भारतीय कार्ड जमा केल्यावरच. देण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. ऑफिस ते सांभाळून ठेवतं आणि जर्मन कार्ड परत केलं तर ते परत मिळू शकतं, पण जमा केलेली कार्डं तीन वर्षांनंतर नष्ट करायची मुभा त्यांना आहे. काही जण सुट्टीत जाऊन आरटीओत "हरवलं" म्हणून डुप्लिकेट काढतात, ते करू नका, ते खोटं निवेदन होतं. आणि तीन वर्षांच्या आत कायमचं परत जायचं ठरलं तर तिकीट काढायच्या वेळीच लायसन्स ऑफिसची टर्मिन घ्या, शेवटच्या आठवड्यात ती मिळत नाही.